ई-इंकवर वाचन होतं. पण काम होतं का?

टंकदोष (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पुस्तकं वाचायला ६ इंची ई-इंक (कागदासारख्या पडद्याचं) वाचनयंत्र माझ्याकडे आहे आणि त्याबद्दल काही म्हणणं नाही. कादंबरी वाचावी तर त्यावरच. प्रश्न कामाचा आहे. मी घरून मुद्रितशोधन आणि भाषांतरं करते. प्रकाशकांची ए-४ पीडीएफ प्रुफं, वर्डमधले मसुदे, शासन निर्णय, मधूनच एखादं स्कॅन केलेलं जुनं पुस्तक असा सगळा मामला असतो. सध्या टॅबलेटवर करते. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात, म्हणून १०.३ इंची पेनवालं ई-इंक यंत्र घ्यावं आणि टॅबलेट लेकाला देऊन टाकावा असा बेत चालला होता.

मैत्रिणीकडचं तसलं यंत्र काही दिवस आणून वापरलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ प्रूफ तपासत गेलं तर मजा येते. पेनाला कागदासारखी खरखर आहे, खुणा छान होतात. पण मुद्रितशोधन असं सरळ कधी चालतं का? १८०व्या पानावर ‘साहाय्य’ दिसलं की आधी आपण ‘सहाय्य’ जाऊ दिलं होतं का हे बघायला मागे जावं लागतं. तळटीप, अनुक्रमणिका, परत मजकूर अशी ये-जा असते. तिथे हे यंत्र जीव काढतं. मूळ इंग्रजी आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवलं तर दोन्ही वाचता येत नाहीत.

तर ज्यांनी खरोखर रोजच्या कामाला वापरून पाहिलंय त्यांनी सांगा, कुठपर्यंत चालतं आणि कुठे अडतं? ‘घ्या हो, छान असतं’ एवढंच म्हणायचं असेल तर ते दुकानदारानं आधीच सांगितलंय.

बोरकूट

सहमत. आमच्या हिच्याकडे असाच एक आहे, सध्या चष्म्याच्या डबीखाली ठेवायला उत्तम काम देतो.

सर्किटवाला

टंकदोषताई, तुमचा अनुभव यंत्राच्या दर्जाचा नाही, तत्त्वाचा आहे. थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे-काळे कण. पांढऱ्यांचा विद्युतभार एका जातीचा, काळ्यांचा उलट. मागून व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाला जातात. व्होल्टेज काढलं तरी कण जिथल्या तिथे राहतात, म्हणून स्थिर पान दाखवायला वीज लागत नाही आणि बॅटरी आठवडे पुरते. पण कण द्रवातून प्रत्यक्ष सरकायला लागतात. लोणच्याच्या तेलातून मोहरीचा दाणा सरकावा तसं आहे ते, घाई करून चालत नाही.

आता आकडे. १६ करड्या छटांसह पान नीट बदलायचं तर साधारण ४५० मिलिसेकंद लागतात. फक्त काळं-पांढरं, छटा नकोत, अशा जलद पद्धतीत साधारण १२०. साधा टॅबलेट सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १७ मिलिसेकंदांनी. जलद पद्धतीत आधीच्या अक्षरांची भुतं मागे राहतात. ती घालवायला मग अख्खा पडदा काळा-पांढरा लुकलुकवावा लागतो. वेग हवा तर भुतं सोसा, स्वच्छ पान हवं तर थांबा. बाजारात ज्या पाच-पाच ‘मोड’ची जाहिरात असते ती याच दोन टोकांमधली तडजोड आहे.

करडी छटा आणायला कणांना नेमक्या क्रमानं छोटे छोटे धक्के द्यावे लागतात आणि तो क्रम तापमानाप्रमाणे बदलतो. म्हणून या यंत्रांत तापमापकही असतो.

मग पेन एवढं झटपट कसं वाटतं? कारण रेघ ओढताना पडद्याचा इवलासा भाग पांढऱ्याचा काळा होतो, बाकी पान तसंच राहतं. रिमार्केबल-२ (२०२०) या पेनवाल्या ई-इंक यंत्रासाठी कंपनी २१ मिलिसेकंद सांगते, आयपॅडच्या पेन्सिलीला ॲपल ९ सांगते. लिहिताना फारसा फरक जाणवत नाही. पण लिहिलेलं उचलून दुसरीकडे सरकवा, पान मोठं करा, खोडा, की लगेच लुकलुक सुरू.

म्हणून माझा नियम: ज्या कामात डोळा हलतो आणि पान थांबतं ते ई-इंकला द्या. ज्यात पान हलतं ते देऊ नका.

पक्षकार_उपस्थित

वरच्या प्रतिसादाला +१, आणि कोर्टातलं उदाहरण देतो. मी कोल्हापूरला वकिली करतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तोपर्यंत मुंबईच्या वाऱ्या ठरलेल्या. त्या रात्रीच्या प्रवासात ई-इंकची सवय लागली. निकालपत्रं वाचायला याच्यासारखं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात. लांबलचक असतात, पण सलग वाचायचे असतात. परिच्छेदाला खूण करा, पुढे चला. गाडीतल्या मंद दिव्यातसुद्धा जमतं.

पण तेच यंत्र घेऊन युक्तिवादाला उभा राहिलो तेव्हा जे झालं ते सांगतो. न्यायमूर्ती म्हणाले, पेपरबुकाचं (खटल्याच्या कागदपत्रांच्या बाडाचं) पान ११७. गेलो. मग म्हणाले ३४०वर जोडपत्र आहे त्यातली तारीख वाचा. तिथे गेलो. मग परत ११७च्या खालचा परिच्छेद. समोरचे वकील कागदी पेपरबुकात रंगीत चिठ्ठ्या लावून बसलेले, ते माझ्या आधी पोचत होते. स्कॅन केलेलं काही शे पानांचं पेपरबुक एकेका उडीला एवढा वेळ घेतं की कोर्टात शांतता पसरते, आणि ती आपल्या बाजूची शांतता नसते.

त्यात पेपरबुकाचा पानक्रमांक आणि पीडीएफचा पानक्रमांक वेगळा. टॅबलेटवर बोटानं सरकवत लहान चित्रं बघून पान ओळखता येतं. ई-इंकवर ती चित्रं येईपर्यंत आशिलाचा चेहरा पडतो.

आता आदल्या रात्री ई-इंक, कोर्टात टॅबलेट. दोन यंत्रं बाळगतो. बायको म्हणते तिसरं घ्या म्हणजे सतरंजी पसरून दुकान लावता येईल.

ताळेबंद

एक्सेल. बस, एवढाच शब्द. ३० स्तंभांचा तक्ता आडवा सरकवून बघा आणि मग इथे लिहा. आमच्या धंद्यात हे यंत्र परिपत्रक वाचण्यापुरतं. लाल-हिरवे आकडेही ओळखू येत नाहीत.

टंकदोष

@ताळेबंद, रंगीत ई-इंक आलंय ना आता?

सर्किटवाला

आलंय, पण दोन जाती आहेत. कॅलिडो जातीत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत गाळणी बसवतात. कॅलिडो-३ मध्ये काळं-पांढरं इंचाला ३०० ठिपके, रंगीत मात्र १५० आणि रंग ४,०९६. गाळणीमुळे पडदा काळवंडतो, म्हणून समोरचा दिवा जवळजवळ कायम लावावा लागतो. दुसरी गॅलरी जात. तिथे कुपीतले कणच रंगीत असतात, त्यामुळे रंग खरे पण कणांची चाल आणखी संथ. २०२४चा रिमार्केबल पेपर प्रो या जातीचा. आलेखातला लाल कुठला आणि हिरवा कुठला एवढं दोन्हींवर कळतं. मुखपृष्ठाचा रंग तपासायचा असेल तर विसरा.

फूटपट्टी

सगळे वेगावर बोलताहेत, पण टंकदोषताईंची खरी अडचण लांबी-रुंदीची आहे असं मला वाटतं. मोजून बघू.

ए-४ पान २१० × २९७ मिमी. ६ इंची पडदा सुमारे ९१ × १२२ मिमी. अख्खं पान बसवलं की ४१ टक्के होतं. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं. देवनागरीत ५ पॉइंटला अनुस्वार गेला की राहिला ते देवालाच ठाऊक, आणि मुद्रितशोधकाला पैसे त्याचेच मिळतात.

१०.३ इंची पडदा सुमारे १५७ × २०९ मिमी. ए-४ त्यावर ७० टक्के. १२चे साडेआठ पॉइंट होतात. दिवसभर नाही वाचवत. १३.३ इंचीवर मात्र ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास खरं पान.

पण १०.३वर एक युक्ती आहे: समास कापा. चहूबाजूंनी २५ मिमी समास धरला तर मजकुराचा चौकोन १६० × २४७ उरतो. तो ८५ टक्क्यांवर बसतो, १२ पॉइंटचे १० होतात. यंत्र आडवं धरलं तर रुंदी २०९ मिमी मिळते, म्हणजे ए-४ पान पूर्ण आकारात, फक्त दोन तुकड्यांत. प्रूफ तपासायला मी तर आडवंच धरेन.

अवांतर: दोन दस्तऐवज शेजारी ठेवून भाषांतर तपासणं १०.३वर गणितातच बसत नाही. मूळ मजकूर कागदावर किंवा टॅबलेटवर आणि तपासायचं ते ई-इंकवर, असंच करावं लागेल.

सुरेख_योगेश

फूटपट्टी, गणित एकदम पटलं. पण लोक विचारतील, समास कशाला कापायचा, अक्षर मोठं करा की! ईपब (अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं मांडणारं ई-पुस्तक) असेल तर करता येतं. मराठी पीडीएफचं तसं होत नाही, त्याचं कारण माझ्या टोपणनावात आहे.

युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे छापायचा मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश वगैरे फॉन्टांत टंकलेला असायचा. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजी किंवा चित्रविचित्र चिन्हं असतात, फक्त दिसतात मराठी. कितीतरी प्रकाशकांकडे आजही मांडणी याच फॉन्टांत चालते. जुने शासन निर्णयही असेच. अशा पीडीएफमध्ये शोध चालत नाही, मजकूर उचलला तर गिचमिड येते, आणि यंत्राला ‘अक्षर मोठं करून ओळी नव्यानं मांड’ म्हटलं तर तो वाचनाचा नव्हे, उत्खननाचा विषय होतो.

युनिकोडमध्ये बनवलेली पीडीएफ तरी सुखरूप असते का? अर्ध्या वेळा नाही. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी पण साठवायची असते नंतर. पीडीएफ बनवताना हा क्रम बिघडला की नव्यानं मांडलेल्या ओळीत वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. रफाराचंही तेच.

इंग्रजी वाचणाऱ्यांना ई-इंकवर पीडीएफ जेवढी त्रासदायक वाटते त्याच्या दुप्पट आपल्याला वाटते ती यामुळे. टॅबलेटवर हा दोष झाकला जातो, कारण तिथे दोन बोटांनी पान मोठं करून इकडेतिकडे सरकवता येतं. ई-इंकवर तेच नेमकं करता येत नाही.

टंकदोष

सुरेख_योगेश, हे वाचून खुर्चीतून उठले. ‘सहाय्य-साहाय्य’ शोधून सापडत नाही ते यामुळेच! मी यंत्राला शिव्या देत होते. (प्रकाशकालाही देत असते, पण त्या दुसऱ्या कारणांसाठी.) काही उपाय?

सुरेख_योगेश

तीन सांगतो, तिन्ही अर्धेमुर्धे.

पहिला, प्रकाशकाकडून मूळ फाइल मागून फॉन्ट परिवर्तकानं युनिकोड करून घ्या. जोडाक्षरं तपासावी लागतात, पण शोध चालू होतो. दुसरा, टेसरॅक्ट नावाचं अक्षरओळखीचं मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचतं. स्वच्छ छपाईवर बरं चालतं, पिवळ्या पडलेल्या पुस्तकावर ‘घ’ आणि ‘ध’मध्ये गोंधळ घालतं. शोधापुरतं चालेल, प्रुफाला नाही. तिसरा, केओरीडर. हे मोफत वाचनसॉफ्टवेअर कोबो कंपनीची वाचनयंत्रं, अँड्रॉइडवर चालणारी ई-इंक यंत्रं अशा बऱ्याच ठिकाणी चालतं. ते अक्षरं ओळखत बसत नाही, पानाच्या चित्रातले शब्द कापून नव्या ओळींत लावतं. भाषा कुठली, फॉन्ट कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्कॅनसाठी उत्तम. पण खुणा करायच्या असतील तर हे नको, कारण मूळ पानावरची जागा हरवते.

नेत्रपल्लवी

डोळ्यांचा विषय निघालाय म्हणून लिहिते, व्यवसायानं त्यातलीच आहे. संध्याकाळी डोळे चुरचुरणं हे बहुतेक वेळा पापण्या कमी लवल्यामुळे असतं. एकाग्रतेनं वाचताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळा कोरडा पडतो. पडदा कुठल्या जातीचा आहे हा पुढचा प्रश्न. निळ्या प्रकाशानं डोळ्याला इजा होते असं म्हणायला आधार नाही. झोपेआधी प्रखर पडदा बघू नये, ते वेगळं.

ई-इंकचा फायदा आहे तो चकाकी नसण्याचा आणि प्रकाश खोलीइतकाच असण्याचा. टॅबलेटचा उजेड खोलीच्या उजेडाएवढा कमी केला, अक्षर मोठं केलं, पंख्याचा झोत तोंडावरून काढला तर बराच फरक पडतो. एक उलटी बाजूही आहे. ई-इंकचं ‘पांढरं’ हे वर्तमानपत्रासारखं करडं असतं. ज्यांची नजर मुळात अधू आहे त्यांना टॅबलेटवर काळ्यावर पांढरी ठळक अक्षरं जास्त नीट दिसतात. आईवडिलांसाठी घेताना आधी त्यांना दोन्ही हातात देऊन बघा.

आणि टंकदोष, चाळिशीचा नंबर शेवटचा कधी तपासला?

टंकदोष

@नेत्रपल्लवी, पुढचा प्रश्न विचारा. :)

एकतारी

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. तुम्ही ज्याला मर्यादा म्हणताय त्यासाठीच मी हे यंत्र घेतलं. टॅबलेटवर काम करताना व्हॉट्सॲप, बातम्या, क्रिकेटचा स्कोअर. ई-इंकवर यातलं काही सुखानं चालत नाही, म्हणून काम होतं. पीएचडीचे संदर्भलेख मी सगळे असेच वाचले.

पक्षकार_उपस्थित

एकतारी, मान्य, पण मग अँड्रॉइडवालं ई-इंक घेऊ नका. त्यात सगळं चालतं आणि सगळं वाईट चालतं. माझ्या एका ज्युनिअरनं त्यावर व्हॉट्सॲप टाकलं. लक्ष जायचं ते जातंच, वर वायफाय, दिवा आणि ॲपं सतत चालू राहिल्यानं आठवड्यांची बॅटरी दिवसांवर येते.

टंकदोष

इथेच माझी गोची आहे. प्रकाशक प्रुफं व्हॉट्सॲपवर पाठवतात. खुणा केलेली फाइल तिथेच परत मागतात. अँड्रॉइड नसलेलं यंत्र घेतलं तर प्रत्येक फाइल लॅपटॉपवरून चढवा-उतरवा.

एकतारी

हो, ते खरं आहे. माझीही एक साखळी तुटली. नंतर वाचायचे लेख पॉकेट नावाच्या सेवेत टाकायचे आणि कोबोवर वाचायचे असं चाललं होतं. जुलै २०२५ मध्ये मोझिलानं पॉकेटच बंद केलं. कोबोनं तशीच इन्स्टापेपर ही सेवा जोडून दिली, पण सगळं नव्यानं लावावं लागलं. किंडलवाल्यांचंही फेब्रुवारी २०२५ पासून खरेदी केलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं चढवणं बंद झालं. ही यंत्रं एकटी कामाची नसतात, मागच्या सेवेवर जगतात.

शिवार

आम्ही शेतात. भर उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, ई-इंक लख्ख दिसतं, म्हणून घेतलं होतं. पण आमचं काम फोटोचं. ई-पीक पाहणीला पिकाचा फोटो ठिकाणासह लागतो, तो फोननंच काढावा लागतो. मग दुसरं यंत्र कशाला वागवा. आता घरी नातू गोष्टी वाचतो त्यावर.

कर्जतलोकल

उन्हावरून आठवलं. एमआयटीशी नातं असलेल्या त्या ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ प्रकल्पाचं यंत्र २००७ साली आमच्या कर्जतजवळच्या एका लहान शाळेत आलं होतं. त्याचा साडेसात इंची पडदा ई-इंक नव्हता, एलसीडीच होता, पण उन्हात मागचा दिवा बंद केला की काळा-पांढरा होऊन स्वच्छ दिसायचा. आणि चित्रं हलायची! ती वाट पुढे का नाही गेली?

सर्किटवाला

@कर्जतलोकल, अगदी मुद्द्याचं. मेरी लू जेप्सन यांनी तो पडदा घडवला होता. ती वाट पूर्ण बुजली नाही. २०२४ मध्ये डेलाइट नावाच्या अमेरिकी कंपनीनं साडेदहा इंची, प्रकाश परावर्तित करणारा एलसीडी टॅबलेट काढला, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. तेव्हा किंमत ७२९ डॉलर. रंग नाहीत, आणि वीज सतत खातो कारण चित्र धरून ठेवायचा ई-इंकचा गुण त्यात नाही. टीसीएल कंपनीचे खरखरीत पडद्याचे टॅबलेटही आहेत, पण ते आतून साधे एलसीडी, चकाकी तेवढी कमी.

टंकदोषताई, तुमचं काम बघता हा खरखरीत प्रकार आधी पाहा. किंवा आहे त्या टॅबलेटला कागदी पोताचं आवरण चिकटवा, पेन थोडं लवकर झिजेल.

टंकदोष

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सध्या ठरवलंय ते असं. टॅबलेट लेकाला मिळणार नाही (त्याला अजून सांगितलेलं नाही). पहिलं वाचन आणि अखेरचं वाचन, जिथे मी सलग जाते, ते ई-इंकवर करायचं. मधलं सगळं, म्हणजे एकवाक्यता, तळटीपा, भाषांतराची तुलना, ते टॅबलेटवर. यंत्र १३.३ इंची घ्यावं की १०.३ एवढंच उरलंय. फूटपट्टींचं ९० टक्के डोक्यातून जात नाही, पण मी लोकलनं जाते, पिशवीत डबा असतो.

पक्षकार_उपस्थित

लोकल असेल तर १०.३. बहुतेक ई-इंक पडद्यांच्या थराखाली पातळ काच असते. वरचं प्लास्टिक जसंच्या तसं दिसतं आणि आतली काच गेलेली असते, पानावर कायमच्या उभ्या रेघा. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. आकार वाढला की दाबाला आणखी नाजूक. १३.३ टेबलावर ठेवायचं असेल तरच.

फूटपट्टी

१०.३ घेतलंत तर प्रकाशकाला एवढंच सांगा, तुमच्यासाठीचं प्रूफ ए-४वर टाकूच नका. पुस्तक डेमी आकाराचं असेल तर पान साधारण १४० × २१५ मिमी. कापण्याच्या खुणा काढून त्याच मापाची पीडीएफ मागा. १०.३वर ती ९७ टक्क्यांनी बसते.

टंकदोष

अहो, हे आधी का नाही सुचलं कुणाला! आज फोन करते. तिकडे मांडणी करणारे दादा पाच वाजता निघतात.